बेलिफमामा आणि बंद दारं

अंबडला राहायला गेलो त्याच्या तिसऱ्याच दिवशी सकाळी फाटकाबाहेरून माझं पूर्ण नाव ऐकू आलं.

"वर्षा प्रकाश कुलथे, धंदा शिक्षिका, राहणार इथलंच, हजर आहेत का?"

आवाज असा की समोरच्या घराच्या दोन खिडक्या उघडल्या. तव्यावरची पोळी तशीच टाकून मी बाहेर धावले. तेवढ्या दहा पावलांत घरमालकाची काही भानगड, माहेरच्या शेताचा वाद, नवऱ्यानं कुणाला जामीन राहून मला न सांगणं, असं सगळं माझ्या डोक्यातून जाऊन आलं. फाटकाशी पांढरा शर्ट, खाकी पँट घातलेला आणि खांद्याला काळी पिशवी लावलेला एक उंच, काटक म्हातारा ताठ उभा होता. त्यानं पिशवीतून कढीपत्त्याचं रोप काढून माझ्या हातात ठेवलं.

"शेजारी आहे मी तुमचा. पाटीवर नाव वाचलं. फोडणीला कढीपत्ता लागतच असल तुम्हाला. घ्या. सही लागत न्हाई."

पोळी जळून कोळसा झाली. मी चिडले होते, पण रोप हातात होतं आणि म्हातारा निघूनही गेला होता. रंगनाथमामांशी माझी ओळख झाली ती अशी. अख्खी कॉलनी त्यांना बेलिफमामा म्हणायची.

बेलिफ म्हणजे कोर्टाचा कागद घरोघर नेऊन देणारा माणूस. समन्स असो, नोटीस असो, जप्तीचं वॉरंट असो, तो तुमच्या दारात येणार. ज्याच्या नावे कागद आहे तो घरात नसला किंवा घ्यायला तयार नसला, तर कागद दाराला चिकटवायचा आणि तसा चिकटवला म्हणून गावातल्या दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. मामांनी हे काम चौतीस वर्षं केलं. आधी सायकलवर, मग एसटीनं, शेवटी शेवटी मोटारसायकलवर. तालुक्यातलं एक गाव त्यांनी सोडलं नव्हतं आणि तालुक्यातल्या एकाही माणसाला ते आपल्याकडे यावेत असं वाटत नव्हतं. सकाळी सकाळी मामा दिसले तर माणसं रस्ता बदलत. लग्नाच्या पत्रिका मामींच्या नावे येत.

हे सगळं मला मामींनी सांगितलं. मामी ठेंगण्या, गोऱ्या आणि जिभेनं धारदार. निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने मामा रोज साडेदहाला बुटाला पॉलिश करून कोर्टाच्या फाटकावर जाऊन बसत. "कोर्टानं यांना सोडलं, पर यांना कोर्ट सोडवंना," मामी म्हणायच्या. "चहावाल्याजवळ बसून कोणाची तारीख हाय, कोणाची न्हाई ते मोजून राह्यले. मी म्हटलं, असं करून डोकं फिरंल तुमचं. घरात बसा. मंग घरात बसले तर माझं डोकं फिराया लागलं."

सुटका केली ती एका पपईनं. मोरीच्या पाइपाजवळ ती आपोआप उगवली होती. हाताला काही काम नाही म्हणून मामा तिला पाणी घालू लागले. आठवड्यात पपई वीतभर वाढली. मामा हे अजून नवलानं सांगायचे. "मॅडम, इतकी वर्षं ज्याच्या पुढं जाऊन उभा राह्यलो त्याचं तोंड उतरायचं. ही पपई मला बघून वाढली. म्हटलं, हिच्याशी आपलं जमतंय बराबर."

मी राहायला गेले तोवर त्या पपईची पिलावळ घरभर झाली होती. घर आणि कंपाउंडच्या भिंतीमधली दोन हात रुंदीची बोळ, जिन्याच्या पायऱ्या, गच्ची, सगळीकडे रोपं. कुंडी विकत आणलेली एक नाही. तेलाचे डबे कापून, घासून, त्यांना निळा-पिवळा ऑइलपेंट देऊन मामा त्यांवर वेली काढत. चित्रकला त्यांना कुणी शिकवली नव्हती. पानं सगळी एका मापाची येत आणि फुलांना कायम पाच पाकळ्या, मग ते फूल कोणतंही असो. मी एकदा म्हटलं, "मामा, शेवंतीला एवढ्या कमी पाकळ्या?" तर म्हणाले, "पाच काढल्यावर कोणालाबी कळतं की फूल आहे. बाकीच्या पाकळ्यांचा उगं खर्चा कशाला?"

त्याहून त्यांचा जीव होता तो लगद्याच्या वाट्यांवर. जुने पेपर भिजवायचे, कुटायचे, भिजवलेली मेथी वाटून त्यात घालायची आणि उलट्या पातेल्यावर थापून टोपलं वाळवायचं, हे आपल्याकडे आजीच्या काळापासून चालत आलेलं काम. मामांनी त्याच्या छोट्या वाट्या करून त्यांत रोपं वाढवायला सुरुवात केली. वाटीसकट रोप मातीत लावायचं, मुळाला धक्का लागत नाही. वाटी वाळत आली की ते ती कानाशी नेऊन टिचकी मारत, आवाज पटला तरच पुढं. बियांची पाकिटंही घरीच चिकटवायची, कणकेच्या खळीनं. खळ करण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. आयुष्यभर दारांना कागद चिकटवलेल्या माणसाचा हात तो.

बागेतही त्यांचा कारभार कोर्टासारखाच चाले. सकाळी सात वाजता गच्चीवर जाऊन ते रोपांचा पुकारा करत. मोगरा फुलला नाही तर त्याला पंधरा दिवसांची तारीख मिळे. तीन तारखा होऊनही कळी नाही म्हटल्यावर जागा बदलून नव्यानं सुनावणी सुरू. रोप उपटून फेकलं असं मात्र मी कधी पाहिलं नाही. मला एकदा गुलाबाला खतावर खत घालताना पाहून त्यांनी भिंतीवरून सुनावलं होतं, "घाई वकिलानं करावी, मॅडम. गुलाबानं तुमचं काय घेतलंय?" मी त्यांचं ऐकलं नाही. गुलाब महिन्याभरात गेला. मामा काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी भिंतीवर नवं रोप ठेवलेलं होतं. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

एकदा मी विचारलं, एवढी झाडांची पारख तुम्हाला आली कुठून? जन्मभर तर फायली वागवल्या. मामा गच्चीवर माती चाळत होते. चाळणी थांबवून म्हणाले, "कोणी आत बोलवायचं न्हाई ना. माणूस शेतातून येईपर्यंत अंगणात उभं राहायचं. मंग काय बघणार? झाडं बघायची. मला गावातल्या माणसांची नावं आता आठवत न्हाईत. पर कोणाच्या दारात डाळिंब होतं अन् कोणाच्या परसात पिवळी कण्हेर, ते बिलकुल सांगतो."

त्या पारखीपायीच पुढचा घोळ झाला. मामांनी ठरवलं की ज्या ज्या दारात आपण कागद घेऊन गेल्तो, त्या त्या दारात आता रोप घेऊन जायचं आणि येताना तिथल्या झाडाची फांदी मागून आणायची. कल्पना उत्तम होती. मामा सकाळच्या एसटीनं पहिल्या गावाला गेले. पांढरा शर्ट, खाकी पँट, काळी पिशवी. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी सवयीनं घरमालकाला बापाच्या नावासकट हाक मारली. पाच मिनिटांत अख्ख्या गल्लीची दारं लागली. ज्याचं नाव घेतलं तो मागच्या दारानं निघून कापसात जाऊन बसला. शेजारच्या म्हाताऱ्यानं मुलाला फोन लावून मामांच्या देखत सांगितलं, "बेलिफ आलाय. दोन दिवस तिकडंच राय."

दुसरा एखादा माणूस परत आला असता. मामांनी सीताफळाचं रोप बंद दारापुढं ठेवलं, पारावरच्या दोघांना बोलावलं आणि रोप दारात ठेवल्याबद्दल कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या. "हात आपोआप चालला, मॅडम," ते मला नंतर म्हणाले. "दार बंद म्हणलं की पंच. मला त्यात काही वावगंच वाटलं न्हाई."

गावाला मात्र वाटलं. कोर्टानं दारात झाड ठेवून पंचांच्या सह्या नेल्या, म्हणजे ही हद्दीची खूण असणार, असा सगळ्यांचा समज झाला. दुसऱ्या दिवशी तो माणूस सीताफळाचं रोप मांडीवर घेऊन एसटीनं अंबडला आला आणि त्यानं ते वकिलाच्या टेबलावर ठेवलं. "साहेब, याला उत्तर काय द्यायचं?" वकील चक्रावले. त्यांनी आपल्या कारकुनाला विचारलं, कारकुनानं कोर्टात विचारलं आणि दुपारपर्यंत सगळं आवार हसून लोटपोट झालं. चहावाल्यापासून टायपिस्टपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी सीताफळाची नोटीस.

आम्हीही हसलो. मी तर पोट धरधरून हसले, आणि नंतर मला त्याची लाज वाटली, कारण चार दिवस गच्चीवर पुकारा झाला नाही. पाचव्या दिवशी मी भिंतीशी गेले तर मामा उलट्या डब्यावर बसले होते. रोपांना पाणी मामींनी घातलेलं दिसत होतं, कारण सगळीकडे चिखल होता.

"काम बराबर केलं मी," ते म्हणाले. "कोणाचा चहा घेतला न्हाई, कोणाचा कागद दाबला न्हाई. त्याचं मला काही वाटत न्हाई. पर चौतीस वर्षांत एका दारातून 'या, बसा' असं ऐकलं न्हाई, मॅडम. पाणी मागितलं तर तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत जायचे. कागद असायचा ना हातात, त्यांचं चुकत नव्हतं. आता तर कागद न्हाई. एकदा तरी कोणी आत बोलवावं, एवढंच आहे माझं. दुसरं काय न्हाई."

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस एवढं हळू बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. मला रडू आलं आणि ते लपवायला मी उगाच कढीपत्त्याची पानं खुडत बसले.

तोडगा मामींनी काढला. "मला संगं न्या," त्या म्हणाल्या. "बायकोला घेऊन जप्ती करायला कोणी जात न्हाई." आणि तसंच झालं. मामी पुढं, मामा पिशवी घेऊन मागं. मामींना पाहून दारं उघडू लागली. पुढच्या दोन-तीन वर्षांत दोघांनी पंचवीस-तीस गावं पालथी घातली. रोपं गेली, फांद्या आल्या, आणि कुणाच्या सुनेचं काय चाललंय याच्या खडान्‌खडा बातम्या आल्या. संक्रांतीला मामींनी लगद्याच्या वाटीत मोगऱ्याची रोपं लावून तीच वाण म्हणून लुटली, तर त्यांच्या दारात बायकांच्या चपलांचा ढीग लागला.

पण मामा बाहेरच. घरातल्या बाया मामींना हाताला धरून आत नेत, कुंकू लावत, चहा पाजत. मामा ओट्यावर बसून असत, त्यांचा कप बाहेर येई. "सुधारणा आहे," ते मला सांगत. "आधी उभा होतो, आता बसतो." हे ते हसत सांगत, आणि त्यांचं हसणं खोटं नसे. बागेनं त्यांना धीर दिला होता. ज्या रोपाला तारीख दिली ते आज ना उद्या फुलतं, हे त्यांनी रोज पाहिलं होतं.

एक दार मात्र त्यांनी मामींना दिलं नाही. गोदावरीच्या अंगाला एक गाव आहे, तिथं द्वारकाबाई नावाच्या बाईचं घर. दिराशी वाटणीचा दावा होता, तो ती हरली. अर्ध्या घराचा आणि अंगणाचा ताबा दिराला द्यायला मामा गेले होते. चुन्याची रेघ त्यांनी स्वतः ओढली. चूल इकडं राहिली, अंगणातला जाईचा मांडव तिकडं गेला. दिरानं त्याच दुपारी मांडव तोडला. पंचनामा अजून लिहून व्हायचा होता, मामा तिथंच खुर्चीवर बसलेले. द्वारकाबाई तुटलेल्या वेलाकडे बघत उभी राहिली.

"त्या दारात मीच जाणार. एकटा," मामा म्हणायचे. गच्चीच्या कोपऱ्यात निळ्या डब्यात त्यांनी त्यासाठी जाई वाढवली होती. दर वेळी निघायचं ठरलं की काहीतरी निघे. ऊन फार आहे, एसटी संपावर आहे, वेल अजून लहान आहे. मोगऱ्याला तीनच तारखा देणारा माणूस स्वतःला किती देत होता याची मी गंमत करायचे, आणि ते भिंतीवरून नाहीसे व्हायचे.

मग माझी परतूरला बदली झाली. सामान बांधून झालं. शेवटचा रविवार उरला होता. मी सकाळी स्कूटी मामांच्या फाटकाशी उभी केली आणि रस्त्यावरूनच ओरडले, "रंगनाथमामा, जाईचा डबा घेऊन हजर व्हा! उद्यापासून मी नाही." मामी खिडकीतून म्हणाल्या, "जा हो, एकदाचे. त्या डब्याच्या गंजानं फरशी लाल झाली."

रस्ताभर मामांच्या मांडीवर डबा, आणि वेल माझ्या मानेला घासत होता. गाव आलं तेव्हा अकरा वाजले होते. द्वारकाबाईच्या घरापुढं लिंब होता, मी त्याच्या सावलीत थांबले. मामा दारापर्यंत गेले आणि उभे राहिले. हाक मारलीच नाही. आतून द्वारकाबाईच आली. सत्तरीची, वाकलेली, हाताला पीठ लागलेलं. तिनं डोळ्यांवर हात धरून त्यांना नीट पाहिलं. ओळखलं.

"आता काय ऱ्हायलंय न्यायला?" ती म्हणाली.

मामांनी डबा पुढं केला. "जाई आहे."

"ती तर त्याच दिशी गेली."

"ती न्हाई. ही दुसरी आहे. मी लावल्याली."

तिनं डब्यावरची चित्रं पाहिली. मग बोटानं डब्यातली माती उकरली आणि एक मूळ धरून पाहिलं. "मुळं लई गुतल्यात. किती दिस कोंडून ठेवली व्हती हिला?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं काहून?"

मामांचा एक हात शर्टाच्या खिशाशी गेला आणि तसाच खाली आला. "हिंमत होत नव्हती, बाई," ते म्हणाले. "त्या दिशी मी तिथं बसून होतो. मी तोडू नका म्हणाया पाहिजे व्हतं. मला तेवढा हुकूम नव्हता, पर म्हणाया पाहिजे व्हतं. ते राह्यलं माझ्याच्यानं."

द्वारकाबाई पदराला हात पुसत उंबऱ्याकडे वळली. मला वाटलं आता दार लागणार. मी स्कूटीची किल्ली हातात घेतली.

"आत्ता ऊन लागंल तिला," ती शेवटी म्हणाली. "तिकडं रांजणापाशी ठेवा. ऊन उतरल्यावर लावू." आणि आत गेली.

मामा डबा घेऊन रांजणाकडे गेले, तिथून दिसेनासे झाले. मी लिंबाखाली थांबले. घरी सामानाचा टेम्पो चारला यायचा होता. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी घड्याळ बघत होते, तेवढ्यात मामा बाहेर आले, लगबगीनं, फाटकापर्यंत. त्यांचा आवाज पुन्हा तोच होता, सबंध गल्लीला ऐकू जाईल असा.

"मॅडम, तुम्ही व्हा पुढं! माझं काही आता होत न्हाई. मला जेवाया थांबवलंय त्यांनी!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. मामांनी तिकडं पाहिलंही नाही. मी स्कूटी वळवली. वळताना पाहिलं तर मामा रांजणाजवळ चपला काढून पायांवर पाणी घेत होते, आणि द्वारकाबाई दारात टॉवेल घेऊन उभी होती.